शब्द नऊ, आजार एक

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. डॉक्टर तोंडी एवढंच म्हणाले, ‘न्यूमोनिया आहे, उतरतोय.’ घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट नीट वाचला, तर त्यात डिस्प्निया, प्रॉडक्टिव्ह कफ, टॅकिप्निया, क्रेप्स, कन्सॉलिडेशन, एअर ब्रॉन्कोग्राम, प्ल्युरल इफ्यूजन, ॲटेलेक्टेसिस आणि फायब्रोटिक स्ट्रँड्स असे नऊ शब्द सापडले. हे नऊ आजार आम्हाला का सांगितले नाहीत, असं तुम्ही विचारलंय. शिवाय हे शब्द समजून घ्यायची काही रीत आहे का, आणि मराठीत शब्द असताना डॉक्टर ते का वापरत नाहीत, हेही.

आधी धीराचं बोलतो. आजार एकच आहे आणि तो तुम्हाला सांगितलेला आहे. एकाच न्यूमोनियाकडे निरनिराळ्या जागी उभं राहून बघितलं की हे शब्द निघतात. नवातला एक मात्र बहुधा या दुखण्याचा नाहीच, तो फार जुना असावा. त्याच्याकडे शेवटी येतो.

छातीच्या आजारांची ओपीडी करण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. शब्दकोश उघडून रिपोर्ट वाचणारी माणसं रोज समोर येतात आणि रात्रभर झोपलेली नसतात. शब्दकोश अर्थ बरोबर सांगतो, पण शब्दाची जात सांगत नाही. शाळेत आपण शब्दांच्या आठ जाती शिकलो. वैद्यकीय कागदावरच्या शब्दांच्या माझ्या हिशेबाने चार. पेशंट सांगतो ती तक्रार. आम्ही बघून, मोजून, स्टेथोस्कोप लावून टिपतो ती खूण. यंत्र दाखवतं ती छाया. आणि या तिन्हींचा मेळ घालून जे ठरतं ते निदान. तुमच्या यादीतले पहिले दोन शब्द तक्रारी आहेत, पुढचे दोन खुणा, उरलेल्या पाच छाया. निदान त्यात नाहीच. ते कार्डाच्या वरच्या भागात एका ओळीत लिहिलेलं असतं आणि नेमकी तीच ओळ घाईत सुटते.

आता एकेक घेऊ. डिस्प्नियाचे दोन तुकडे आहेत, दोन्ही ग्रीक. ‘डिस’ म्हणजे बिघडलेलं, अवघड. ‘प्निया’ म्हणजे श्वास घेणं. दम लागणं, बस. पण हा ‘प्निया’ एकदा ओळखीचा झाला की त्याचं सगळं घराणं ओळखू येतं. टॅकिप्निया म्हणजे भराभर श्वास, ब्रॅडिप्निया म्हणजे मंद, ॲप्निया म्हणजे थांबलेला. झोपेत घोरता घोरता मध्येच सगळं शांत होतं आणि मग माणूस आचका देऊन पुन्हा श्वास घेतो, तो स्लीप ॲप्निया. प्रौढांत निदान १० सेकंद श्वास थांबला तरच तो मोजणीत धरतात. ऑर्थोप्नियातला ‘ऑर्थो’ म्हणजे ताठ, सरळ: आडवं झालं की दम लागतो, उठून बसलं की उतरतो. पेशंट हा शब्द कधीच वापरत नाही. तो म्हणतो, ‘डॉक्टर, हल्ली तीन उशा लागतात.’ आणि आम्हीही कागदावर चक्क उशाच मोजतो, ‘थ्री पिलो ऑर्थोप्निया’ असं लिहितो. याच्या उलट, बसल्यावर दम आणि आडवं झाल्यावर आराम, असा प्लॅटिप्नियाही असतो. तो क्वचित दिसतो, लिव्हरच्या जुनाट आजारात वगैरे. परीक्षेला विचारतात म्हणून लक्षात राहतो.

इथे मराठीतला एक खड्डा दाखवायला हवा. ‘दम’ आणि ‘दमा’ यांत एका कान्याचं अंतर आहे. एक आजी माझ्याकडे आल्या, चार वर्षं दम्याचा पंप ओढत होत्या, फरक काही नाही. मी विचारलं, ‘दमा आहे असं कोण म्हणालं?’ तर म्हणाल्या, ‘मीच म्हणाले ना, दम लागतो म्हणून.’ पहिल्या कागदावर कुणीतरी ‘दम’ला काना दिला होता आणि पुढच्या प्रत्येकाने तोच कागद बघून उतरवून घेतला होता. आजींना रात्री दोन वाजता उठून खिडकीपाशी बसावं लागायचं, पावलांवर सूज होती, बोट दाबलं की खळी पडत होती. बिघाड हृदयात होता. दम ही तक्रार, दमा हे निदान. पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारली की हे असं होतं. गंमत म्हणजे ‘अस्थमा’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही धापा टाकणं एवढाच आहे. तक्रारीला बढती देऊन निदान करून टाकायची खोड फार जुनी दिसते.

श्वासाच्या तऱ्हांना नावं द्यायचं काम आपल्याकडेही झालेलं आहे. आयुर्वेदात श्वासाचे पाच प्रकार सांगितलेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. शेवटच्या घटकेला ‘ऊर्ध्व लागला’ असं आपण आजही म्हणतो, तो शब्द याच घराण्यातला. तमकश्वासाच्या वर्णनात बसल्यावर बरं वाटतं अशी नोंद चरकसंहितेत आहे, म्हणजे उशा मोजण्याचं महत्त्व तेव्हाही ठाऊक होतं. छिन्न म्हणजे तुटक. आधुनिक पुस्तकात श्वास हळूहळू चढत जाऊन उतरतो आणि मग काही क्षण थांबतो, अशा प्रकाराला चेन-स्टोक्स ब्रीदिंग म्हणतात. जॉन चेन यांनी १८१८मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४मध्ये त्याचं वर्णन केलं. छिन्नश्वास आणि हे ब्रीदिंग, ही दोन्ही वर्णनं शेजारी ठेवून वाचावीत असं मला वाटतं. एकच आहेत असं म्हणून मोकळं मात्र होऊ नये.

‘प्रॉडक्टिव्ह कफ’ हा तर मराठी माणसासाठी सापळाच. इंग्रजीतला कफ म्हणजे खोकला आणि मराठीतला कफ म्हणजे खोकल्यातून पडतो तो चिकट पदार्थ. उच्चार एक, वस्तू दोन. ‘ड्राय कफ’ म्हणजे कोरडा खोकला, पण घरी पोचेपर्यंत त्याचा ‘छातीत कफ सुकलाय’ होतो, आणि मग मुळात नसलेला कफ पातळ करायचं औषध मागितलं जातं. तुमच्या वडिलांच्या कार्डावरचा अर्थ, खोकला आहे आणि खोकल्याबरोबर बेडका पडतो आहे. खरं तर खोकल्याच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे. घशात खवखवून येणारी कोरडी ती ढास, एकामागून एक थांबता थांबत नाही ती उबळ, चुकून काही श्वासमार्गात गेल्यावर लागतो तो ठसका. पेशंटने नुसतं ‘खोकला’ न म्हणता ‘ढास लागते’ म्हटलं की माझे निम्मे प्रश्न वाचतात. ‘रक्त पडलं’ एवढ्यावर मात्र मी कधी थांबत नाही. खोकल्यातून पडलं तर हिमॉप्टिसिस, उलटीतून पडलं तर हिमॅटेमेसिस. पहिलं बहुतेक लालभडक आणि फेसाळ, दुसरं बरेचदा काळपट, अन्नाचे कण असलेलं. एक छातीकडे घेऊन जातं, दुसरं पोटाकडे.

आता खुणा. टॅकिप्नियाचा अर्थ वर आला. त्याची जात वेगळी, कारण तो पेशंट सांगत नाही, आपण मोजतो. मोठ्या माणसाचा स्वस्थ बसल्यावर मिनिटाला १२ ते २० श्वास हा हिशेब. लहान मुलांचे आकडे वेगळे असतात आणि ते घरच्यांनाही ठाऊक असावेत: जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो श्वास जलद धरायचा. मोजताना पूर्ण एक मिनिट मोजायचं. आणि मोठ्या माणसाला, मी तुमचा श्वास मोजतोय, हे सांगायचं नाही. सांगितलं की श्वास बदलतो. मी मनगट हातात धरून नाडी मोजत असल्याचा आव आणतो आणि डोळे छातीवर ठेवतो. बाळाच्या बाबतीत आयांचा एक शब्द माझ्या सगळ्या पुस्तकी शब्दांपेक्षा वरचढ आहे: ‘पोट उडतंय.’ श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत खेचली जाते, पोट वरखाली होतं, ते सगळं या दोन शब्दांत येतं. कुणी फोनवर हे म्हटलं की मी पुढचं काही न विचारता बाळाला घेऊन यायला सांगतो.

क्रेप्स हे क्रेपिटेशन्सचं लाडकं नाव. श्वास आत घेताना स्टेथोस्कोपमधून बारीक कडकड ऐकू येते ती. कानाजवळ केसांची बट दोन बोटांत धरून चोळा, बारीक क्रेप्स साधारण तशीच लागतात. फुप्फुसाच्या जुनाट फायब्रोसिसमध्ये तीच व्हेल्क्रोची पट्टी उचकटल्यासारखी होतात. वहीजोगी नोंद एवढीच: क्रेप्स तुटक, रॉन्काय आणि व्हीझ सलग. रॉन्काय घोरल्यासारखे जाड, व्हीझ शिट्टीसारखा बारीक, तोही जास्त करून श्वास सोडताना. आणि श्वास घेताना गळ्यातून येणारा कर्कश आवाज, जो स्टेथोस्कोपशिवाय खोलीभर ऐकू येतो, तो स्ट्रायडॉर. त्याचा अर्थ वरचा मार्ग, म्हणजे स्वरयंत्राच्या आसपासची जागा, अरुंद झालीय. तो ऐकल्यावर शब्दकोश नाही, गाडी काढायची.

या आवाजांच्या नावांमागे एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पॅरिसमध्ये १८१६ साली रने लॅनेक यांनी कागदाची घट्ट सुरळी करून ती एका तरुण बाईच्या छातीवर टेकवली आणि दुसऱ्या टोकाला कान लावला. स्टेथोस्कोपचा जन्म तो. ‘स्टेथॉस’ म्हणजे छाती. १८१९च्या ग्रंथात त्यांनी छातीतल्या आवाजांना ‘राल’ हे फ्रेंच नाव दिलं. पण फ्रेंच लोकांना राल म्हटलं की मरणाऱ्या माणसाच्या घशातली घरघर आठवायची. पेशंटच्या उशाशी हा शब्द उच्चारला तर त्याचं धाबं दणाणणार. म्हणून लॅनेक पेशंटसमोर ‘रॉन्कस’ हा लॅटिन शब्द वापरू लागले. अर्थ तोच. पुढच्या डॉक्टरांनी मात्र दोन शब्द म्हणजे दोन वेगळे आवाज असणार असं धरलं, आणि शे-दीडशे वर्षं कोणता आवाज कशाला म्हणायचं याचा गोंधळ चालला. पेशंट घाबरू नये म्हणून वापरलेला अवघड शब्द, आज तोच कार्डावर वाचून पेशंट घाबरतो.

छायांकडे जाण्याआधी वाटेचा नकाशा हवा. नाक, मग घशाची पोकळी म्हणजे ग्रसनी, मग स्वरयंत्र, मग ट्रॅकिया. ही मुख्य नळी मोठ्या माणसात १० ते १२ सेंटीमीटर लांब असते, आणि कूर्चेच्या इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या अर्धवट कड्यांनी उघडी राहते. गळ्यावरून बोट खाली फिरवलं तर ही कडी हाताला लागतात. ‘ट्रॅकिया’ या शब्दाचा अर्थच खडबडीत असा आहे. प्राचीन ग्रीक वैद्यांनी मेलेल्या शरीरातल्या रोहिण्या, म्हणजे आर्टरी, रिकाम्या पाहिल्या आणि त्यांतून हवा वाहते असा समज करून घेतला. मग हवेची ही मोठी नळी झाली ‘खडबडीत आर्टरी’. समज गेला, आर्टरी रक्ताकडे गेली आणि नळीकडे नुसतं विशेषण उरलं. ट्रॅकियाला पुढे दोन फाटे फुटतात, त्यांना ब्रॉन्काय म्हणतात. उजवा फाटा आखूड, रुंद आणि जास्त उभा, म्हणून मुलाच्या श्वासात गेलेला दाणा किंवा मणी जास्त करून उजवीकडे सापडतो. फाट्याला फाटे फुटत जवळपास २३ पायऱ्या होतात. कूर्चा संपते तिथून पुढे ब्रॉन्किओल, आणि टोकाला वायुकोश, म्हणजे अल्व्हिओलाय, दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी.

एवढा नकाशा डोळ्यांपुढे असला की ‘आयटिस’वाले शब्द आपोआप सुटतात. आयटिस म्हणजे दाह, सूज. त्याच्या आधीचा तुकडा नुसता पत्ता सांगतो: ऱ्हायनायटिस नाकात, फॅरिन्जायटिस घशात, लॅरिन्जायटिस स्वरयंत्रात, ब्रॉन्कायटिस मोठ्या नळ्यांत, ब्रॉन्किओलायटिस अगदी बारीक नळ्यांत. शेवटचा तान्ह्या मुलांचा आजार, दोन वर्षांच्या आतला. ‘ब्रॉन्कायटिस आणि ब्रॉन्किओलायटिस एकच ना?’ असं विचारणारे पालक मला हमखास भेटतात. अक्षरं दोन-तीनच वाढतात, पण नळी इतकी बारीक होते की तेवढ्याच सुजेने बाळाचा श्वास अडतो.

एका तुकड्यापासून मात्र सावध राहा: ‘न्यूमो’. ग्रीकमध्ये ‘न्यूमा’ म्हणजे हवा, श्वास, आणि ‘न्यूमॉन’ म्हणजे फुप्फुस. वैद्यकीय शब्दांत दोघांचाही ‘न्यूमो’च झाला. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाचा आजार, न्यूमोनेक्टमी म्हणजे अख्खं फुप्फुस काढणं. पण न्यूमोथोरॅक्स म्हणजे छातीच्या पोकळीत, फुप्फुसाच्या बाहेर, शिरलेली हवा. ‘थोरॅक्स’ हा शब्द ग्रीक योद्ध्याच्या छातीवरच्या चिलखतावरून आलाय. चिलखताच्या आत काय भरलंय ते पुढचा तुकडा सांगतो: हवा असेल तर न्यूमोथोरॅक्स, रक्त असेल तर हिमोथोरॅक्स. पू असेल तर मात्र नियम मोडतो आणि आम्ही एम्पायमा म्हणतो. भाषेत असे हट्टी नातेवाईक असायचेच.

कन्सॉलिडेशन. तुमच्या रिपोर्टातला हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द, आणि त्याला बघूनच तुम्ही सगळ्यात जास्त घाबरला असणार. वायुकोशात हवा असते म्हणून एक्स-रेवर फुप्फुस काळं दिसतं. न्यूमोनियात कोशांत हवेच्या जागी द्रव आणि पेशी भरतात, तेवढा भाग घट्ट, भरीव होतो आणि पांढरा दिसतो. त्या पांढऱ्या दिसण्याचं नाव कन्सॉलिडेशन. बोलताना आम्ही ‘पॅच’ म्हणतो. तो न्यूमोनियाचा दिसणारा चेहरा, न्यूमोनियाहून वेगळी चीज नव्हे. कोश भरले पण त्यांच्यामधून जाणारी नळी अजून हवेने भरलेली असली, तर पांढऱ्या भागातून काळी फांदी गेल्यासारखी दिसते. तो एअर ब्रॉन्कोग्राम. रेडिऑलॉजिस्टने तो लिहिला म्हणजे पांढरा भाग फुप्फुसाच्या आतला आहे, बाहेर साचलेल्या पाण्याचा नाही, अशी त्याने बहुतांशी खात्री दिली. तो वाचून घाबरायचं तर राहोच, आम्हाला तो बघून बरं वाटतं. कोश अर्धवटच भरले तर पांढरेपणा विरळ येतो, मागच्या रक्तवाहिन्या त्यातून दिसत राहतात, त्याला ग्राउंड ग्लास म्हणतात: घासून अपारदर्शक केलेल्या काचेतून बघावं तसं.

प्ल्युरल इफ्यूजनवर जरा जास्त बोलतो, कारण इथे आपली बोली आपल्याला फसवते. दोन्ही फुप्फुसांभोवती दुपदरी आवरण असतं, प्ल्युरा. दोन पदरांमध्ये निरोगी माणसातही थोडासा द्रव असतो, पदर एकमेकांवर घसरावेत म्हणून. तो वाढला की प्ल्युरल इफ्यूजन. आपण म्हणतो, ‘फुप्फुसात पाणी झालं.’ दुसरीकडे हृदयाचा पंप कमी पडला की रक्तवाहिन्यांतला द्रव खुद्द वायुकोशांत झिरपतो. त्याला पल्मनरी इडिमा म्हणतात, आणि त्यालाही आपण ‘फुप्फुसात पाणी झालं’ असंच म्हणतो. पहिलं पाणी फुप्फुसाच्या बाहेर, सुईने काढता येतं. दुसरं स्पंजात मुरल्यासारखं, सुईने काढायचा प्रश्नच येत नाही. ते मुख्यतः लघवी वाढवणाऱ्या औषधाने आणि हृदयाच्या उपचाराने उतरतं. एका पेशंटचा मुलगा आयसीयूच्या दाराशी माझ्यावर चिडला होता: ‘शेजारच्या बेडवरच्यांचं पाणी दहा मिनिटांत काढलंत, आमच्यांचं का काढत नाही?’ त्याचं चुकलं नव्हतं. आमच्याच माणसाने दोन्ही घरांना एकच वाक्य सांगितलं होतं. त्या दिवसापासून मी कागदावर फुप्फुस काढतो आणि पाणी आत की बाहेर ते पेनाने गिरवून दाखवतो.

तुमच्या वडिलांच्या रिपोर्टात ‘माइल्ड’ लिहिलंय आणि ते न्यूमोनियाच्याच बाजूला आहे. आवरणालगतच्या न्यूमोनियात आवरण पाझरतं आणि थोडं पाणी जमतं. आजार उतरतो तसं बरेचदा तेही जिरतं. किती थोडं, त्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: उभं राहून समोरून काढलेल्या एक्स-रेत बरगड्या आणि मध्यपटल यांच्यामधला टोकदार कोन बोथट दिसायला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. सीटीला याहून पुष्कळ कमी दिसतं. ताप पुन्हा चढला, छातीत त्या बाजूला दुखू लागलं, तर मात्र या पाण्याची सोनोग्राफी करून बघतात, पू तर होत नाही ना म्हणून.

ॲटेलेक्टेसिस हा शब्द जिभेला वळत नाही, पण अर्थ गरीब आहे. ‘आटेलेस’ म्हणजे अपुरं, ‘एक्टेसिस’ म्हणजे ताणणं, पसरणं. फुप्फुसाचा तेवढा भाग पुरता फुगलेला नाही. ‘सबसेगमेंटल’ म्हणजे अगदी छोटी चकती. आठ दिवस पाठीवर पडून, उथळ श्वास घेत राहिलेल्या बहुतेक माणसांच्या फुप्फुसांच्या तळाशी अशी एखादी रेघ सापडतेच. बसतं करणं, चालवणं, खोल श्वास घ्यायला लावणं हाच त्यावरचा मुख्य उपाय, आणि त्यासाठीच तुम्हाला ती तीन चेंडूंची फुंकणी दिली असणार. फुंकणी म्हणतात खरं, पण चेंडू उचलायचे ते हवा आत ओढून. निम्मे पेशंट फुंकतात. याच एक्टेसिसचा दुसरा शब्द ब्रॉन्किएक्टेसिस, तो मात्र गरीब नाही: नळ्या कायमच्या रुंद होतात, त्यांत कफ साचतो, सकाळी कपभर बेडका पडतो. शेपूट एकच म्हणून दोघांना भावंडं समजू नका. एकात जे पसरायला हवं ते पसरलेलं नाही, दुसऱ्यात जे पसरायला नको ते पसरलंय.

प्रक्रियांच्या शेपट्या भराभर सांगतो. ‘स्कोपी’ म्हणजे आत बघणं, ‘सेंटेसिस’ म्हणजे सुईने टोचून द्रव काढणं, ‘एक्टमी’ म्हणजे काढून टाकणं, ‘ओटमी’ म्हणजे छेद देणं, ‘ओस्टमी’ म्हणजे तिथे राहतं तोंड करणं. गळ्याला भोक पाडून नळी बसवली की ट्रॅकिओस्टमी, कारण ती वाट काही काळ उघडी ठेवायची असते. ‘मेट्री’ म्हणजे मोजणं. पुढे कधी स्पायरोमेट्री सांगितली तर ते श्वास फुंकून मोजणं. १८४६मध्ये जॉन हचिन्सन यांनी ते यंत्र मांडलं आणि ‘व्हायटल कपॅसिटी’, म्हणजे पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त जेवढी हवा बाहेर सोडता येते ती, हा शब्दही त्यांचाच. त्या रिपोर्टात ऑब्स्ट्रक्टिव्ह लिहिलं तर हवा बाहेर पडताना अडते, रिस्ट्रिक्टिव्ह लिहिलं तर मुळात आत कमी मावते.

मराठी शब्द का वापरत नाही, हा तुमचा टोमणा मला मान्य आहे, पण अर्धाच. स्वरयंत्र, वायुकोश, मध्यपटल हे उत्तम शब्द आहेत. ऐकले की चित्र उभं राहतं, मी ते रोज वापरतो. ग्रीक ‘फ्रेन’ला तर मध्यपटल आणि मन असे दोन्ही अर्थ होते, म्हणून मध्यपटलाची नस फ्रेनिक नर्व्ह आणि मनाचा आजार स्किझोफ्रेनिया. आपला शब्द बिचारा सरळ: मधला पडदा. पण श्वासनलिका घ्या. परिभाषेत ट्रॅकिया म्हणजे श्वासनाल आणि ब्रॉन्कस म्हणजे श्वासनलिका, असा भेद केलेला आढळतो; बोलताना दोन्हींना श्वासनलिकाच म्हणतात. मग ‘श्वासनलिकेला सूज आहे’ असं मी सांगितलं तर कोणत्या, हे मलाच पुन्हा विचारावं लागतं. आणि प्ल्युरसीला, म्हणजे प्ल्युराच्या दाहाला, ‘परिफुप्फुसशोथ’ म्हणायला माझी हरकत नाही, फक्त तो ऐकून प्ल्युरसी बरी वाटू लागते. ‘श्वास घेताना छातीत सुरी खुपसल्यासारखं दुखतंय’ असं पेशंट म्हणतो, ते मला दोन्हींपेक्षा जास्त कळतं. (फुप्फुस की फुफ्फुस, यावरही लोक भांडतात. मी पहिलं लिहितो, दुसऱ्याने श्वास तेवढाच चालतो.)

राहिला नववा शब्द. फायब्रोटिक स्ट्रँड्स, तेही उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात. न्यूमोनिया खालच्या भागात आणि हे धागे वर, म्हणजे पत्ताच वेगळा. फायब्रोसिस म्हणजे जखम भरून आल्यावर राहतो तसा वण. आपण त्याला ‘फुप्फुसावर डाग’ म्हणतो, आणि तोच शब्द गाठीलाही वापरतो, क्षयाच्या पोकळीलाही. म्हणून ‘डाग’ ऐकला की माणूस थेट कॅन्सरपर्यंत जाऊन पोचतो. रेडिऑलॉजिस्ट गाठ असेल तर नोड्यूल लिहितो, ती ३ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर मास लिहितो. इथे त्याने दोन्ही लिहिलेलं नाही. वरच्या भागातले धागे बरेचदा वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या क्षयाचे किंवा दुसऱ्या कुठल्या संसर्गाचे असतात, कधीकधी माणसाला तो होऊन गेल्याचं माहीतही नसतं. वडिलांना विचारा, पूर्वी कधी सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या का. आणि कपाटात जुना एक्स-रे पडला असेल, कितीही पिवळट पाकिटातला, तर तो शोधून काढा. पन्नाशीपुढच्या माणसाचा, त्यातून धूम्रपान करणारा असेल तर नक्कीच, न्यूमोनियानंतर साधारण सहा आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढायला सांगतात. त्या दिवशी नवा आणि जुना दोन्ही घेऊन जा. जुन्यावर ते धागे त्याच जागी, तेवढेच दिसले, तर नवव्या शब्दाचा विषय तिथेच मिटतो. नसतील दिसत, तर डॉक्टर कदाचित थुंकी तपासायला सांगतील, आणि ती सकाळची, खोकून काढलेली हवी असते, लाळ नव्हे.